रिमांड होममधल्या पोरांची खरूज कोण बघणार?

पुण्यात 2024 मध्ये अल्पवयीन मुलाच्या हातून पोर्शे गाडीचा अपघात झाला, तेव्हापासून रिमांड होम म्हटलं की लोकांना बड्या घरचा मुलगा आणि त्याच्याभोवती वकिलांचा गराडा दिसतो. त्या घटनेची चीड मलाही आहे. पण डॉक्टर म्हणून तपासणीला जाते तेव्हा माझ्यासमोर येणारी पोरं निराळी असतात. मोबाइल चोरला, मारामारी केली, मोठ्यांच्या टोळक्यात सापडला. शाळा कधीच सुटलेली. वयाच्या मानाने वजन कमी, पापणी खाली ओढली तर आतून पांढरट, म्हणजे अंगात रक्त कमी, दाढा किडलेल्या आणि बोटांच्या बेचक्यांत खरूज.

"गुन्हा केलाय ना, मग एवढे लाड कशाला?" हे मला सुशिक्षित लोकही विचारतात. बाहेरचं पोर दुखलं-खुपलं तर आईला सांगतं, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणतं. आपण दाराला कुलूप लावलं की त्याचा तो मार्ग बंद होतो. मग त्याच्या दुखण्याची जबाबदारी कुलूप लावणाऱ्याचीच.

खरजेचंच घ्या. तिचा किडा कातडीत बीळ करून राहतो आणि अंगाला अंग लागून, एकमेकांच्या चादरी वापरून पसरतो. एकट्या मुलाला मलम देऊन काहीही होत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिनचं मलम लावायचं, सकाळी अंघोळ करायची, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा करायचं. त्यासाठी सगळ्यांना पुरेल इतकं मलम हवं आणि बदलायला दुसरी चादर हवी. मी पाहिलेल्या एका ठिकाणी दुसरी चादरच नव्हती! खाज रात्री वाढते. पोरं झोपत नाहीत, दिवसा चिडचिड करतात, हाणामाऱ्या होतात आणि नोंदवहीत 'वर्तन आक्रमक' असा शेरा पडतो. खाजवून झालेल्या जखमा पिकल्या तर पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी तोंड सुजलेलं आणि लघवी लालसर दिसली, तर त्या पोराला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवं.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या 2016 च्या बालन्याय आदर्श नियमांत दाखल झाल्यापासून 24 तासांत वैद्यकीय तपासणी, दर महिन्याला पुन्हा तपासणी आणि प्रत्येक मुलाची आरोग्य नोंद सांगितली आहे. झोपण्याच्या खोलीत मुलामागे 40 चौरस फूट जागा आणि आजारी मुलांसाठी वेगळी खोली हवी. 16 ते 18 वयाच्या मुलाला रोज 700 ग्रॅम धान्य आणि 120 ग्रॅम डाळ. हा आकडा वाचून भुवया उंचावणाऱ्यांनी घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाचं ताट आठवावं. पहिली तपासणी तर सर्वात मोलाची. पोलिसांकडे असताना मार बसला असेल, तर त्याचे वळ तेव्हाच दिसतात. आठ दिवसांनी काय दिसणार?

मुंबईत डोंगरीचं निरीक्षण गृह (रिमांड होमचं कायद्यातलं नाव) जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर त्याच डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. तिथे त्यांची वजनं उतरली, हे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. आजच्या पोरांचं वजन आत येताना किती होतं आणि जाताना किती, हे विचारलं की मला बहुतेक वेळा नुसतं नाव आणि कलम लिहिलेला कागद दाखवला जातो.

जामीन झाल्यावरचं दुखणं आणखी वेगळं. क्षयाचा साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो, आणि पोरगं पंधरा दिवसांत घरी जातं. जामीन मिळणं चांगलंच, लवकरच मिळायला हवा. पण औषधाची चिठ्ठी त्याच्या हातात पडत नाही, वस्तीजवळच्या दवाखान्याला कुणी कळवत नाही आणि गोळ्या मध्येच तुटतात. व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणाऱ्या पोरांचंही तेच. आत असताना नशा सुटते, बाहेर पाठपुरावा करायला कुणी नसतं.

2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 54 नुसार जिल्ह्याच्या तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी संस्थेत जायचं असतं. त्या पथकात एक वैद्यकीय अधिकारी असावाच लागतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा समितीवर असेल, तर पुढच्या भेटीत अधीक्षकांच्या केबिनमधला चहा नंतर घ्या. आधी पोरांच्या खोलीत जा, चार पोरांना हात पुढे करायला सांगून बोटांच्या बेचक्या बघा, चादरी मोजा, आणि वजनकाटा चालतो का ते त्यावर स्वतः उभं राहून पाहा.