कॅनडातल्या ‘विषारी पतंगां’चा तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

रस्त्यावर पतंगांचा (उडणाऱ्या किड्यांचा) खच पडलाय असा व्हिडिओ, आणि खाली मेसेज: कॅनडात लॅबमध्ये बनवलेले विषारी पतंग सुटलेत, चावले की फोड येतात, कपडे खातात, सरकार वरून विष फवारतंय, म्हणून रात्री गाद्यांवर कीटकनाशक मारून झोपा. नागपूरच्या मावशीने हे वाचून घाबरून कॅनडात मॉंक्टनला मुलीला फोन लावला, आणि त्या मुलीच्या घरात रांगतं बाळ आहे. म्हणून लिहितोय.

गादीचं आधी. बाळ चादर चोखतं, तिच्यावर गाल घासतं, रात्रभर तिथेच तोंड खुपसून झोपतं. त्या कापडावर कीटकनाशक मारायला सांगणं म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ आहे. सरकार विष फवारतं म्हणून ओरडायचं आणि त्याच मेसेजमध्ये घरात विष मारायला सांगायचं, हे कसं चालतं? आणि कशासाठी? हा स्प्रूस बडवर्मचा पतंग, पंख पसरले तरी जेमतेम इंचभर, करडा-तपकिरी, त्याला चावायला जबडाच नसतो. खाते ती अळी, आणि ती खाते बाल्सम फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे कोवळे कोंब. जूनमध्ये फांदीचं टोक जवळून बघा, नव्या सुया (म्हणजे सुईसारखी पानं) रेशमी धाग्याने एकत्र ओढून बांधलेल्या, आत अळी, आणि कुरतडलेल्या सुया वाळून लालसर झालेल्या, त्यामुळे लांबून अख्खं झाड होरपळल्यासारखं दिसतं. पतंग उन्हाळ्यात थोडे दिवस जगतो, सुयांवर अंडी घालतो आणि मरतो. लोकरीचे कपडे खाणारी कसर वेगळी, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

व्हिडिओ जुलै २०१६ चा आहे, पूर्व कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कॅम्पबेल्टनचा. थवे शेजारच्या क्यूबेक प्रांताकडून वाऱ्यावर आले होते, हवामानाच्या रडारवर दिसले होते.

लॅबबिब काही नाही. कॅनडाच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याने स्वच्छ लिहिलंय की हा इथलाच कीटक आहे आणि साधारण ३०-४० वर्षांनी त्याची साथ येते. १९७० च्या दशकातल्या साथीत पूर्व कॅनडातलं ५ कोटी हेक्टरच्या वर जंगल सापडलं होतं, अख्खा महाराष्ट्र ३ कोटींच्या आसपास आहे. लागोपाठ चार-पाच वर्षं खाल्लं की फर मरतो, तेव्हा नुकसान खरं आहे, पण ते झाडांचं.

फवारणीचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. १९५२ पासून न्यू ब्रन्सविकच्या जंगलांवर विमानातून डीडीटी हे कीटकनाशक मारलं, मिरामिची नदीतली सॅमन माशांची पिल्लं त्यात मेली, १९६८ नंतर ते थांबलं. आता मुख्यतः बीटी वापरतात, हा जिवाणू अळीने खाल्ला की तिच्या आतड्यात काम करतो. त्याच वेळी पानं खाणाऱ्या दुसऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही त्यात मरू शकतात, यावर भांडायचं तर जरूर भांडा, पण ते डीडीटी नाही.

मावशी, पतंग घरात आले तर बाहेरचा दिवा बंद करायचा, खिडकीची जाळी लावायची आणि मेलेले झाडूने गोळा करायचे, बास. ज्या ज्या ग्रुपवर तू हे टाकलंस तिथे आजच सांग. आणि कुणी गादीवर आधीच फवारा मारला असेल तर बाळाला तिथे झोपवू नका, चादरी-अभ्रे लगेच धुवायला टाका.