अकरा फूट अकरा इंच

फॉल्स सीलिंगसाठी, म्हणजे स्लॅबखाली जिप्सम बोर्डांचं दुसरं छत बसवण्यासाठी, छत मोजायचं म्हणजे लांबी गुणिले रुंदी, त्यात काय मोठं? असं म्हणणाऱ्याच्या हातात टेप द्यावा, पायाखाली स्टूल द्यावं आणि नागपूरची मे महिन्यातली दुपार द्यावी. वरच्या मजल्याची स्लॅब तेव्हा पोळी भाजायच्या बेतात असते. तिच्याखाली मान मोडून भिंतीला टेप दाबायचा आणि दुसऱ्या टोकाचा आकडा वाचायचा. तोवर चष्मा घामावरून घसरत ओठांपर्यंत आलेला असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं : खाली उतरा बापा. छत वर असलं तरी मोजायचं जमिनीवर. भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, असतील तर फरक दोन-चार सुतांचा. मात्र प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना मोजायची, कारण चौकोनी खोली ही फक्त नकाशात असते. दोन्ही कर्ण मोजून पाहा. ते सारखे निघाले तर मिस्त्रीला शोधून चहा पाजा. नाही निघाले तर मोठं माप धरा. बोर्ड कापून लहान होतो, ओढून मोठा होत नाही.

टेपचं पुढचं आकडीचं पातं हलतं, ते बिघडलेलं नसतं. पातं जेवढं जाड तेवढंच ते मागेपुढे सरकतं, म्हणजे अडकवून मोजा की टेकवून, माप एकच येतं. आपल्याकडे हौशी माणूस पहिल्याच दिवशी त्यावर हातोडी मारून ते 'पक्कं' करतो आणि मग जन्मभर चुकीचं मोजतो. कोपऱ्यात टेप दुमडून अंदाज घेण्याचीही गरज नाही. टेपच्या डबीची लांबी बहुतेक डब्यांवर छापलेली असते. डबी भिंतीला टेकवा आणि ती लांबी मापात मिळवा.

खरा घात होतो तो पुढं, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर. खोली 11 फूट 11 इंच बाय 10 फूट 10 इंच. हा गडी बिनधास्त 11.11 गुणिले 10.10 दाबतो आणि 112 चौरस फूट काढतो. अरे, फुटात इंच बारा! 11 इंच म्हणजे 0.92 फूट, 10 इंच म्हणजे 0.83. खरं उत्तर 129. पाच टक्के तूट धरली तर चुकीच्या हिशोबानं सहा बाय चारचे, म्हणजे 24 चौरस फुटांचे, पाच जिप्सम बोर्ड पुरतात आणि बरोबर हिशोबानं सहा लागतात. हा सहावा बोर्ड आणायला पुन्हा इतवारीच्या बाजारात. बोर्ड एक, छोटा हत्ती एक, आणि भाडं ऐकून बोर्डच स्वस्त वाटायला लागतो.

कारागीर यावर हमखास म्हणतो, "भाऊ, एकशेवीस धरून टाका ना, काहून डोकं लावून राहिले?" धरायला हरकत नाही. फक्त बिलाच्या दिवशी तो बीमच्या बाजूही मोजतो, हे तेव्हाच धरा. दहा फुटांचा बीम नऊ इंच खाली आला असेल आणि तोही झाकायचा असेल, तर दोन बाजूंचे 15 चौरस फूट वाढले. तळ वेगळा.

बोर्ड ज्या सांगाड्यावर बसतात त्याच्या पट्ट्यांना तर चौरस फूट समजतच नाहीत. भिंतीलगतची चॅनल परिघावर जाते : आपल्या खोलीला साडेपंचेचाळीस फूट, म्हणजे बारा फुटी चार नग. आडव्या सेक्शन दीड-दीड फुटावर, सात-आठ नग, प्रत्येकी 10 फूट 10 इंच. दर नगामागे 14 इंचांचा तुकडा उरतो. तो कशालाच लागत नाही आणि टाकूनही देववत नाही. दिवाणाखाली पुढची दहा वर्षं तोच असतो.

पंख्याच्या भोकाचं क्षेत्रफळ वजा करणारे लोकही मी जाणतो. त्यांच्याशी वाद घालू नये. वजाच करायची असेल तर उंचीतून करा. सीलिंग बीमच्या खालून सहा इंच आलं की पंख्याचा हुक आत जातो. पंखा लटकायचा स्लॅबच्याच हुकाला, सीलिंगच्या सांगाड्याला कधीच नाही. त्यामुळे रॉड लांब लागतो आणि तो यादीत लिहायचा राहतो. मग जुन्याच रॉडवर पाती छताला इतकी चिकटून फिरतात की वारा खाली येतच नाही.

त्यात उन्हाळाभर कूलर! वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा साध्या जिप्समला मानवत नाही. समोरची खिडकी बंद ठेवली की दमट हवा आतच कोंडते, बोर्ड मऊ पडतो आणि सांध्यावरची कागदी पट्टी सुटू लागते. कूलरच्या खोलीत ओलावा सोसणारा बोर्डच सांगा, तोही ऑर्डर देतानाच.

एवढं करून सीलिंग उभं राहतं. लाईट लागतात, पाहुणे मान वर करून वाहवा करतात. रात्री वारा लागत नाही म्हणून घरचे सगळे गाद्या घेऊन गच्चीवर जातात.