विकायचे आम्ही, अडवायचे विकासकाने

लोणावळ्याच्या टाइमशेअरमधला, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सुट्टीच्या घरातला, दरवर्षी वापरायचा आमच्या हक्काचा आठवडा विकायला काढला की दर वेळी घोडे त्याच ठिकाणी अडते. गिऱ्हाईक आम्ही शोधायचे, सह्या झालेला करार विकासकाच्या अंधेरीतल्या कार्यालयात नेऊन द्यायचा आणि मग, प्रथम खरेदीचा हक्क त्याचा असल्यामुळे, त्याच किमतीला आठवडा तो स्वतः घेणार की सोडणार, हे कळेपर्यंत ताटकळत बसायचे. तोवर आम्ही शोधलेल्या मुलुंडच्या गिऱ्हाईक गृहस्थांनी बयाणा म्हणून दिलेला धनादेश आमच्या कपाटात पडून राहतो आणि अखेर ते तो परत मागतात. त्यांचे तरी काय चुकले? ठरलेला सौदा एका पत्राने हातून जाणार असेल, तर कोण कशाला थांबेल? विकासकाने खरेच घेतला तर पैसे मिळतात, हे मान्य; पण तो ना घेतो, ना हक्क सोडल्याचे लेखी देतो, आणि वार्षिक देखभाल शुल्क आम्ही भरतच राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित कराराची व्याख्या आहे, तेव्हा मुदतीत उत्तर न आल्यास हक्क सोडला असे समजण्याची अट प्रत्येक करारात सक्तीची झालीच पाहिजे.