फायटरच्या टँकला एवढा फ्लो कशाला???

डोकं फिरलंय आज. ४० लिटरचा टँक, त्यात एकच फायटर (बेट्टा मासा), आणि दुकानात फिल्टर घेताना दोनदा सांगितलेलं की लांब शेपटीचा आहे, याला जोराचं पाणी झेपत नाही. तरी गळ्यात काय मारलं तर ताशी ५०० लिटरचा फिल्टर! "जेवढा मोठा तेवढा चांगला" म्हणे. अरे गणित तरी करा, तासाला टँकचं पाणी बारा वेळा फिरणार. साध्या कम्युनिटी टँकला (वेगवेगळे मासे एकत्र ठेवतात तो) चार-पाच वेळा पुष्कळ होतं, आणि हा तर मुळात भातखाचरातल्या, दलदलीतल्या संथ पाण्यातला मासा.

दिवसभर हीटरमागे चिकटून बसतो बिचारा. नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही त्याचं, वर येऊन हवा घ्यावीच लागते, आणि वर आला रे आला की धार त्याला ढकलत पार पलीकडच्या काचेवर नेते. दाणा टाकला तर तो याच्या तोंडाशी यायच्या आधीच वाहून जातो. शेपटीची कड फाटलीये, ती दाखवली तर लगेच "फिन रॉट (पंख कुजण्याचा रोग), औषध टाक". कड काळी नाही, लाल नाही, सरळ चिरलीये! औषध कशाला, आधी पाणी शांत करा ना.

आणि सल्ले तर विचारूच नका. एकाने सांगितलं इनलेट (पाणी आत ओढणारं तोंड) अर्धं बंद कर. अहो पंपाला पाणीच कमी मिळालं तर तो घरघरणार, तापणार, अडवायचं तर आउटलेट अडवतात. दुसरा म्हणे रात्री फिल्टर बंदच ठेव!! हे ऐकून खरंच संताप आला. फिल्टरच्या मीडियातले (आतल्या स्पंज वगैरेतले) अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया वाहत्या पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, रोज रात्री सात-आठ तास बंद ठेवला तर ते मरायला लागणार आणि मग अमोनिया वाढून मासाच जाणार. असं बिनधास्त कसं सांगतात लोक?

फ्लोचा नॉब आहे फिल्टरला, पण पूर्ण कमी केला तरी फरक शून्य. स्प्रे बारची (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची) भोकं काचेकडे वळवली तेव्हा जरा बरं वाटलं, तर आता उजव्या कोपऱ्यात पाणी हलतच नाही, सगळी घाण तिथे साचते आणि वर तेलकट तवंग. बॉक्सवर टँकचे लिटर छापतात, मग कुठल्या माशाला चालेल हे एक ओळ छापायला काय होतं? ओढ्यातल्या लोच माशाला हाच फ्लो आवडेल, फायटरला नाही, इतकं साधं आहे.

शेवटी एअर पंपवरचा स्पंज फिल्टर आणलाय, व्हॉल्व्हने बुडबुडे कमी-जास्त करता येतात. पण त्यात बॅक्टेरिया बसेपर्यंत काही आठवडे जुनाही सोबत चालू ठेवावाच लागणार. आउटलेटला जाड स्पंज बांधलाय तोपर्यंत. धार बरीच मोडलीये, तरी हा अजून हीटरमागून बाहेर यायला तयार नाही.