सदर इसम, हातात डबा

फोटोत माझा एक डोळा मिटलेला आहे आणि तोंड 'भा' म्हणताना उघडं राहिलंय. भाजक्या पोह्यांमधला 'भा'. खाली मजकूर असा : 'सावधान! सणासुदीत फराळाचे निमित्त करून सदर इसम ज्येष्ठ नागरिकांच्या दारी येत आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.' लोक पाठवतायत. वसुबारसेला कोथरूडमधून निघालेला मी धनत्रयोदशीला डोंबिवलीत, मावससासूबाईंच्या फोनवर पोचलो.

झालं एवढंच, की आईची शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या माई, वय 78, कोथरूडला एकट्या राहतात. त्यांना मी फराळाचा डबा द्यायला गेलो.

गेटवर वही होती. नाव, मोबाइल नंबर, कुणाकडे, कशासाठी. या वहीबद्दल मला जरा बोलायचंय. माझ्या वरच्याच ओळीत एका बाईंचं पूर्ण नाव, नंबर आणि 'बी-502, फेशियल' असं होतं. त्यावर पाणी-फिल्टरवाला, त्यावर गणिताच्या शिकवणीच्या मॅडम. वॉचमन रीळ बघत होता. तेवढ्या वेळात मी वीसेक नंबर आरामात उतरवून घेतले असते. आपला नंबर भामट्यांना मिळतो कुठून, म्हणून आपण डोकं खाजवत बसतो आणि गावभर सुतळीला बांधलेल्या बॉलपेनाने तो सुवाच्य अक्षरात लिहीत हिंडतो. ह्याला म्हणे सिक्युरिटी! म्हणून मी हल्ली अशा वह्यांत शेवटचा आकडा मुद्दाम चुकवतो. या वेळी ते अंगाशी आलं.

तिसऱ्या मजल्यावर माईंची बेल वाजवली. आत मालिकेतली सासू तारस्वरात रडत होती, त्यामुळे माईंना बेल ऐकू जाण्याचा संभव नव्हता. चौथ्यांदा वाजवल्यावर समोरचं दार उघडलं. म्हणजे लाकडी उघडलं, जाळीचं बंदच. जाळीमागे बनियन, अर्धी चड्डी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि भर उजेडात पेटवलेला टॉर्च.

"कोण पाहिजे?"

"माई."

"माई म्हणजे?"

जन्मापासून त्या माईच. खरं नाव काही केल्या आठवेना. आडनाव सांगितलं.

"ते खाली पाटीवर आहे. कुणीही वाचून सांगेल."

"अहो काका, फराळ द्यायला आलोय. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा."

"चिवडा कसला?"

"म्हणजे?"

"पातळ पोह्यांचा की भाजक्या?"

"भा..." म्हणतोय तोच फ्लॅश पडला.

"भाजक्या पोह्यांचा त्या खात नाहीत," जाळीमागून निकाल आला. "दात नाहीत त्यांना. ओळखीचे असता तर तुम्हाला ठाऊक असतं."

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो, ते त्यांनी कबुलीजबाबात धरलं. मग मला तोतया पोलिसांवर व्याख्यान मिळालं. हे लोक सकाळी फिरायला निघालेल्या बायकांना गाठतात. 'पुढे चोरी झालीय, साहेब तपासणी करतायत, बांगड्या काढून रुमालात बांधा' म्हणतात, वर स्वतःच बांधून देतात. घरी येऊन गाठ सोडावी तर आत खडे. हे खरंच आहे, आमच्या पुण्यात वर्षानुवर्षं चाललंय. पण माझ्या हातात रुमालसुद्धा नव्हता.

"तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही हो."

"म्हणजे पोलीस असल्याचं नाकारताय."

"मी आहे असं म्हटलंच कधी?"

"तीच नवी पद्धत."

आधार कार्ड मागितलं. फोनमधलं दाखवलं. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही वाटत नाही." मलाही तो मी वाटत नाही, कुणालाच आपला तसला फोटो आपला वाटत नाही, पण हे एका बनियनवाल्याने सांगावं? मग त्यांनी इंटरकॉमवरून वॉचमनकडून वहीतला नंबर मागवला आणि लावला. माझा फोन हातात थंड. पलीकडून एक बाई "कोण बोलतंय?" म्हणाल्या, तेही स्पीकरवर.

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ना, त्याचा मला अजून राग येतो.

राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. ते घरीही माहीत नाही. ही माझं लिहिलेलं वाचत नाही म्हणून इथे सांगतो. यंदाच्या गुढीपाडव्याला मी एक किलो आम्रखंडापायी 4,980 रुपये घालवले. दुकानाचा नंबर इंटरनेटवर शोधला, पहिला दिसला तो लावला. तेव्हा कुणालाही फोन लावला की आधी सायबर भामट्यांपासून सावध राहायची सूचना ऐकावी लागायची. ती त्या भामट्याला फोन लावतानाही मी पूर्ण ऐकली. पोरगा इतका अदबशीर! "सर, घरपोच नोंदणीचे फक्त 5 रुपये." लिंकवर 5 चे 2,490 गेले. "सॉरी सर, चूक झाली, परत पाठवतो, फक्त पिन टाका." पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे मी स्वतः सासऱ्यांना शिकवलंय. टाकला. आणखी 2,490.

लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवलं तर पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकायच्या आत कधीकधी अडवता येतात. मी तिसऱ्या दिवशी कळवलं, कारण आधीचे दोन दिवस मी दुकानातलं आम्रखंड संपल्याची गोष्ट घरी रंगवून सांगत होतो. तक्रार क्रमांक मिळाला. तो जपून ठेवलाय. त्या पोराला मी एक प्रश्न विचारला नव्हता. तरी तो मला 'सर, सर' करत होता आणि इथे मला टॉर्च! चोरांना निदान बोलण्याची रीत असते.

"डबा खाली ठेवा आणि जिन्यापर्यंत मागे जा," काका म्हणाले.

ठेवला. गेलो. दार उघडलं, एक हात आला, डबा आत गेला. त्यांच्याच घरात! कडी लागली, साखळी लागली. माईंच्या मालिकेतली सासू अजून रडत होती.

फोटो बघून ही म्हणाली, "तरी सांगत होते, दाढी करून जा."

दिवाळीच्या पाडव्याला माईंचा फोन आला. "अरे, डबा पोचला हो. समोरच्यांनी आणून दिला. चिवडा छान झालाय म्हणत होते."

"म्हणत होते? खाल्ला त्यांनी?"

"तपासून बघितला म्हणे. मला कुठे चावतोय, मी राहिलेलाही त्यांनाच दिला. तू डबा न्यायला कधी येतोस? रिकामा नाही देणार, अनारसे घातलेत. आणि हे बघ, खाली वहीत नंबर नीट लिही. ते विचारत होते."