मामा, टायरवरचा ५१ हा आकडा हवा भरायचा नाही!

गेल्या शनिवारी मामा-मामींना घेऊन मुलुंडहून वाशीला निघालो. गाडी त्यांची, चालवणारा मी. ऐरोलीच्या पुलावर प्रत्येक जोडाला गाडी अशी उडत होती की मागून मामींनी दोनदा विचारलं, "अरे, खालचं काही सुटलंय का?" सुटलं काहीच नव्हतं. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चारही चाकांना हवेचा दाब मोजायचा माझा गेज लावला. ४९, ४९, ५०, ४९ पीएसआय (हवेचा दाब याच मापात मोजतात). या गाडीत ३३ लागते.

"हवा कुठे भरलीत मामा?"

"पंपावर. तो पोरगा बत्तीस-तेहतीस मारणार होता. मी त्याला टायरच दाखवला. मॅक्स प्रेशर ५१ असं कंपनीनेच छापलंय. हे बघ." आणि मोबाईल पुढे केला.

'टायर वाचा, जीव वाचवा. समृद्धीवरच्या अपघातांचं खरं कारण कोणी सांगणार नाही' अशा मथळ्याचा तो मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला होता, तिन्ही वेळा न वाचता पुसला. पण आता तो मामांच्या चार चाकांत शिरलाय म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

थोडक्यात त्याचं म्हणणं असं: टायरवर छापलेला मॅक्स प्रेशरचा आकडा हाच कंपनीने सांगितलेला हवेचा आकडा, पंपवाले टायर लवकर झिजावेत म्हणून मुद्दाम कमी भरतात. टायरवर 'डीओटी' या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे एक्स्पायरी. आकाराच्या ओळीतला पहिला आकडा म्हणजे टायरचा कमाल वेग. भारतातल्या बहुतेक गाड्यांना 'एल' अक्षराचे, म्हणजे १२०च्या वर फुटणारे टायर लावतात. लाल किंवा पिवळा ठिपका म्हणजे नापास झालेला माल. आणि शेवटी, नायट्रोजन भरा म्हणजे टायर फुटणारच नाही.

आधी तो ५१ घेऊ, कारण यातला जिवावर बेतणारा मुद्दा तोच आहे. मॅक्स म्हणजे कमाल. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये 'कमाल सहा व्यक्ती' लिहिलेलं असतं म्हणून सहा जण जमेपर्यंत आपण खालीच थांबतो का? टायर बनवणाऱ्याला हा टायर कुठल्या गाडीला लागणार हेच माहीत नसतं. एकाच मापाचा टायर हलक्या हॅचबॅकला बसतो आणि जड सेडानलाही. त्यामुळे तो फक्त टायरची सहनशक्ती छापतो: इतकं वजन, इतकी हवा, याच्या पुढे जाऊ नका. गाडीचं वजन, पुढच्या आणि मागच्या चाकांवर ते कसं पडतं, सस्पेन्शन कसलं, हे ठाऊक असतं गाडी बनवणाऱ्याला. म्हणून तुमच्या गाडीचा आकडा टायरवर नसतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो, त्यावर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो, आणि मॅन्युअलमध्ये तर असतोच. अमेरिकेची वाहनसुरक्षा संस्था, एनएचटीएसए, हेच सांगते: हवा दारावरच्या लेबलाप्रमाणे भरा, टायरवरच्या आकड्याप्रमाणे नाही. तीही टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असल्यावर.

मग जास्त भरल्याने होतं काय? टायर फुग्यासारखा गोल होतो, रस्त्याला टेकणारी जागा आकसते आणि नक्षीचा मधला पट्टाच घासत राहतो. मामांना मेसेजने सांगितलं होतं की टायर जास्त टिकेल. मधला पट्टा गोटा झाला की कडेची नक्षी शाबूत असूनही टायर फेकावा लागतो, मग टिकला कुठून? त्यात आपले पावसाळ्यातले रस्ते. कडक टायरला खड्ड्याचा दणका पोटात घेता येत नाही. आतले धागे तुटतात आणि महिन्याभराने बाजूला सुपारीएवढा फुगा येतो. तो आला की टायर संपला, पंक्चरवाल्याकडेही त्याला उपाय नाही.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. कमी हवा खरंच मारते, बहुतेक वेळा जास्त हवेपेक्षाही आधी. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, उलगडते, आणि त्यातून उष्णता तयार होते. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या काँक्रीटच्या रस्त्यावर, भरल्या गाडीने, न थांबता १२०ने तासन् तास गेलात की ती उष्णता निघायला वावच मिळत नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, त्यातले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरच्या बनावटीचा दोष होताच, पण फोर्डने त्या जड गाडीला फक्त २६ पीएसआय सुचवलेली होती, यावरूनही दोन्ही कंपन्यांत जुंपली. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याला भीती बरोबर वाटली. उपाय मात्र त्याने उलट्या टोकाचा काढला. २६ कमी म्हणून ५१ बरोबर होत नाही.

आता एक्स्पायरी. या मुद्द्यावर हसावं की रडावं कळेना. मामांच्या टायरवर शेवटी १८२३ आहे. म्हणजे २०२३ सालचा १८वा आठवडा, मे महिन्याची सुरुवात. गाडी घेतली त्याच वर्षीच्या दसऱ्याला, पेढेही खाल्लेत मी. मेसेज खरा धरला तर शोरूममधून हार घालून बाहेर काढलेल्या कोऱ्या गाडीचे टायर पाच महिने आधीच मुदत संपलेले होते! मामींनी तर नवा सेट कितीला पडेल याची चौकशीही करून ठेवली होती. टायर औषधाची बाटली नाही, त्यावर एक्स्पायरी छापलेलीच नसते. तो आकडा उत्पादनाचा. अमेरिकेच्या नियमाने टायरला ओळख क्रमांक लागतो तो मुळात अशासाठी की एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला तर नेमके तेच टायर परत बोलावता यावेत. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतं, म्हणून बाहेरून चार आकडे दिसले नाहीत तर "टायर बनावट आहे" अशी बोंब मारू नका. खाली वाकून आतली बाजू बघा.

टायरला वय असतं, हे खरं. रबर उन्हाने, हवेने कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नका. काही गाडी कंपन्या सहा वर्षांवरच बदला म्हणतात. यातलं काहीही टायरवर छापलेलं नसतं.

वेगाचं तर मेसेजचं स्वतःशीच जमत नाही. एकीकडे पहिला आकडा म्हणजे वेग, दुसरीकडे अक्षर म्हणजे वेग. मामांच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच आहे. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. अनेक जण त्याला रेडियस समजतात, पण १५ हा रिमचा व्यास आहे, इंचात. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१०. एल म्हणजे १२० हे मेसेजने बरोबर दिलंय, पण ते अक्षर मालवाहू गाड्यांच्या टायरवर भेटतं. साध्या कारच्या टायरवर एस, टी, एच, व्ही दिसतात, म्हणजे १८० ते २४०. पटत नसेल तर खाली पार्किंगमध्ये जाऊन चार गाड्या बघून या. आणि एच आहे म्हणून कोणी २१०ने जाऊ नका, तो आकडा धडधाकट टायरचा आणि योग्य हवेचा आहे.

ठिपके: पिवळा ठिपका टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो. व्हॉल्व्हचं वजन त्या बाजूला यावं म्हणून टायर बसवताना तो व्हॉल्व्हशी जुळवतात. लाल ठिपका टायर गोलाईत सर्वांत उंच कुठे आहे ते सांगतो. दोन्ही पावसापाण्यात पुसून जातात. नापास माल वगैरे काही नाही.

नायट्रोजन: आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच आहे. किंचित हळू गळतो, कोरडा असतो, इतकंच. पैसे द्यायचे असतील तर द्या, पण गेज लावणं त्याने चुकत नाही.

गंमत म्हणजे टायरवरची सगळ्यात कामाची खूण या मेसेजमध्ये नाहीच. बाजूला, नक्षी सुरू होते तिथे, टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिलिमीटरच उरली, टायर बदला. मामांचं बोट धरून खाचेत फिरवलं. उंचवटा अजून बराच खोल होता.

मग डिकी उघडून स्टेपनी बघितली. तिच्यात १४. गाडी घेतल्यापासून तिच्यात कोणी हवा मारली नव्हती, कारण स्टेपनीचा मेसेज अजून आलेला नाही. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने पाइप हातात घेतला आणि विचारलं, "कितना रखूँ, साहब?"

मामांनी सवयीने टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा वर सरकवत ड्रायव्हरचं दार उघडलं.