युरोपियन स्कूलमध्ये ॲडमिशन कशी मिळवावी (फक्त बाहेरच्यांसाठी)

दर उन्हाळ्यात पुण्याहून नाहीतर नाशकाहून कुणीतरी नवीन ब्रसेल्सला येतं आणि महिन्याभरात विचारतं, दादा, पोरांना त्या युरोपियन स्कूलमध्ये घालायचंय, काय करावं लागेल? तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो, नीट वाचा आणि परत विचारू नका.

ही शाळा मुळात युरोपियन युनियनच्या नोकरदारांच्या मुलांसाठी, तेव्हा पहिलं काम म्हणजे मुलासाठी चांगले आईबाप बघा. डोनेशन, इंटरव्ह्यू, नगरसेवकाची चिठ्ठी असले आपल्याकडचे प्रकार इथे नाहीत, इथे सरळ विचारतात, आईबाप कुठे कामाला? युरोपियन युनियनच्या नोकरीत असतील तर मूल कॅटेगरी वन, शाळेची फी शून्य. आईबापाच्या संस्थेनं शाळांशी करार केला असेल तर कॅटेगरी टू, पैसे ती संस्था भरते. उरलेला सगळा गाळ कॅटेगरी थ्री. त्यांना वर्षाला काही हजार युरो फी, आणि ती भरायला खिसा उलटा केला तरी ब्रसेल्समध्ये दार जवळजवळ बंदच, मोठं भावंड आधीच आत असेल तर नशीब आजमावून बघा.

आता तुम्ही म्हणणार, अहो पण मी तर युनियनचा कारभार चालवणाऱ्या युरोपियन कमिशनच्याच बिल्डिंगमध्ये बसतो, त्यांचंच सॉफ्टवेअर सांभाळतो! हो, माहितीये, मीपण तिथेच बसतो. तीच लिफ्ट, तेच कॉफीचं मशीन, पण आपण पडलो कन्सल्टंट, पगार देणारी कंपनी वेगळी आणि गळ्यातला बिल्ला वेगळा. शेजारच्या टेबलावरच्या साहेबाचं अडलेलं काम रात्री नऊला आपण सोडवायचं, आणि सकाळी त्याची मुलगी ज्या बसमध्ये चढते ती बस आपण फुटपाथवरून बघायची. छान असते बस.

यावर आपण मराठी माणसांनी फार नाकं मुरडू नयेत म्हणा. आपली केंद्रीय विद्यालयं 1963 ला निघाली ती बदलीवाल्या केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठीच, आणि तिथलीही रांग आपल्याला पाठ आहे, आधी ते, मग हे, मग बाकीची जनता. तिकडे निदान खासदाराच्या कोट्यातून शिरायची एक फट होती, 2022 ला तीही बुजवली.

बरं, या शाळेचा उगम ऐकलात तर डोळ्यात पाणी येईल. 1953 साली लक्झेंबर्गमध्ये, कोळसा आणि पोलादाच्या युरोपियन मंडळात काम करणाऱ्या लोकांनी स्वतः खटपट करून ही शाळा उभी केली. महायुद्ध संपून आठ वर्षं झालेली, आणि फ्रेंच, जर्मन, इटालियन पोरं एकाच छताखाली शिकायला बसली. पुढे जिथे जिथे शाळा बांधली तिथे पायाच्या दगडात एक मजकूर ठेवायची पद्धत पडली, त्याचा मथितार्थ असा की ही मुलं लहानपणापासून शेजारी बसून वाढतील, भेदाभेद त्यांना शिवणार नाही, आणि मोठी होताना त्यांना कळेल की आपण एकमेकांचे आहोत. मी थट्टा करत नाहीये, भावना खरीच होती. फक्त तो कागद पायाच्या दगडात आणि वन, टू, थ्री ॲडमिशनच्या फॉर्मवर.

समजा चुकून आत शिरलात, तर पुढचा धडा भाषेचा. शाळेत भाषेगणिक वेगळे सेक्शन, मूल मातृभाषेच्या सेक्शनमध्ये जातं, आणि मातृभाषा कुठली हे तुमच्या आईला नाही, शाळेला ठरवायचं असतं, शंका आली तर परीक्षा घेतात. तरी दूरदृष्टी ठेवून घरात आतापासूनच इंग्रजीत भांडा, कारण इंग्रजी सेक्शन सगळ्यांनाच हवा असतो. आणि गंमत बघा, शिक्षक मुळात त्या त्या देशाच्या सरकारनं पाठवायचे, मूळ पगार त्या सरकारनं द्यायचा. म्हणजे इंग्रजी शिकणार सगळा युरोप आणि शिक्षकांचं बिल जाणार लंडनला, त्यावरून कुरकुर आधीपासूनच होती, मग ब्रेक्झिट झालं आणि ब्रिटिश सरकारनं माणसं पाठवणंच थांबवलं. आता इंग्रजी म्हटलं की आयर्लंड आणि माल्टा, म्हणजे लग्न मोठ्या घरातलं आणि वाढपी दोन. बाकी जागा जागच्या जागी भरतात, त्यांना पाठवलेल्या शिक्षकांइतका पगार नाही, आणि मग ते टिकत नाहीत म्हणून मीटिंग होते.

मराठीचं विचारूच नका. माल्टीज बोलणारे पाच लाखाच्या आसपास, ती युनियनची अधिकृत भाषा, स्वतःचा सेक्शन नसला तरी मातृभाषेचा तास मिळतो. मराठीवाले 2011 च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर. आपला तास रविवारी, कुणाच्या तरी बैठकीत, चकलीसकट.

जागा मिळालीच तर कुठे, हे तुम्ही ठरवायचं नाही. उक्ल, वोलुवे, इक्सेल, लाकेन, ब्रसेल्समधल्या या भागांतल्या शाळा सगळ्या तुडुंब, म्हणून 2021 ला एवेरला नाटोच्या जुन्या मुख्यालयाच्या जागेवर वर्ग सुरू केले, तात्पुरते म्हणून. तात्पुरतं हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. अर्जात एक चूक मात्र करू नका, शाळा घरापासून लांब पडते असं लिहू नका, ते कारण नियमातच बसत नाही. गंभीर आजारपण बसतं. तेव्हा मुलाला शक्यतो ठणठणीत ठेवू नका.

माझा मुलगा चालत पाच मिनिटांवरच्या कम्यूनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या शाळेत जातो, फुकट. वर्गात मोरोक्कन, काँगोलीज, पोलिश, रोमानियन, एक तिबेटी. फ्रेंच वर्गात शिकला आणि अरबी मधल्या सुट्टीत, त्यातले काही शब्द मी विचारत नाही. परवा संध्याकाळी आम्ही दाराशी पोहे खात उभे होतो, त्याचा गृहपाठ होऊन गेलेला, तेव्हा समोरच्यांची सहा वर्षांची मुलगी बसमधून उतरली. उतरली म्हणजे तिला उतरवली, झोपलेली होती. आई फिनिश, बाप पोर्तुगीज, दप्तर तिच्याएवढंच. आई म्हणाली, माँगोमेरीच्या चौकात पाऊण तास अडकली बस. मग माझ्या पोराकडे बघून विचारलं, हा कधी येतो? मी म्हटलं साडेतीनला. तिनं काही उत्तर दिलं नाही, पोरीला खांद्यावर टाकून किल्ली शोधायला लागली.

असो. अर्जाची पहिली फेरी जानेवारीत असते. आईबाप तोवर बदलून घ्या.